खर्चाच्या बाजूची नावे : वाईतील एका मोडीवाचनाचे प्रकरण

मुंबईतील एका शासकीय कार्यालयातून लघुलेखक म्हणून वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झालेल्या एक बाई २०२१च्या मे महिन्यात पतीसह वाईला, पतीच्या वडिलोपार्जित घरी, कायमच्या राहायला आल्या. त्यानंतरच्या साडेतीन वर्षांत त्यांनी कोणते छंद धरले, त्यांतले कोणते सुटले, एक का टिकला आणि त्या एका छंदामुळे त्यांचा व आमच्या आळीचा संबंध कसा बदलला, याची ही नोंद आहे. मी त्याच आळीत राहतो आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक प्रसंगांना हजर होतो. बाईंच्या संमतीने हे लिहीत आहे; मात्र त्यांचे, इतर कुटुंबांचे आणि संबंधित घाटाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण यातला एक प्रसंग जमिनीच्या व पाण्याच्या हक्काचा आहे.

बाई आल्या तेव्हा करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि गाव अर्धे बंद होते. लोकांत मिसळण्याची संधी त्यांना दिवाळीनंतर मिळाली. पुढच्या सात-आठ महिन्यांत त्यांनी चार गोष्टी करून पाहिल्या : सकाळचा योगवर्ग, हार्मोनियमची शिकवणी, आळीतील महिलांचे भजनी मंडळ आणि एक भिशी. भिशी चालू राहिली, बाकीची तिन्ही सुटली. आळीत याचे कारण सरसकट असे सांगितले जाई की, बाई मुंबईच्या, त्यांना इथे करमणार नाही. मला हे कारण तेव्हाही पटले नव्हते. भजनी मंडळातल्या बायका वीस-पंचवीस वर्षे एकत्र गात आहेत. कोणता अभंग कोणी उचलायचा, टाळ कोणाकडे, सतरंजीवर कोणी कुठे बसायचे, हे सगळे कधीचेच ठरलेले आहे. बाईंचे तिथे मनापासून स्वागत झाले, चहा झाला, पुढच्या गुरुवारचे आमंत्रण झाले; पण त्या नसत्या तर मंडळाचे काही अडले असते असे नव्हते, आणि हे त्यांना तीन गुरुवारांतच कळले. हार्मोनियमचे उलट झाले. ती घरी एकटीने वाजवायची, त्यामुळे बोटे वळू लागली तरी दार ओलांडण्याचे निमित्त काही मिळाले नाही. नव्या गावात आलेल्या माणसाला आपण सहसा ‘एखाद्या मंडळात जा’ किंवा ‘एखादी कला शिका’ असे सांगतो. बाईंनी दोन्ही प्रामाणिकपणे केले होते.

२०२२च्या पावसाळ्याआधी घराची कौले परतताना माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली आली. तिच्यात कापडी रुमालांत बांधलेले कागद होते, काही कसरीने खाल्लेले आणि सगळे मोडी लिपीत लिहिलेले. बाईंच्या पतींना त्यातले एक अक्षर लागेना. लिहिणारा हात मात्र त्यांच्या आजोबांचा होता. वाईत ही गोष्ट नवलाची नाही. नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाला आधार झालेली पत्रे इतिहासाचार्य राजवाडे यांना वाईतच मिळाली होती. पण थोरामोठ्यांची दफ्तरे अभ्यासकांच्या हाती गेली, तशी साध्या घरांतली दफ्तरे कोणाच्या हाती गेली नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांपर्यंत शाळेत मोडी शिकवली जाई. ते शिक्षण थांबल्यावर दोन पिढ्यांत असे झाले की, मराठी भाषेत, आपल्याच घरात, आपल्याच माणसाने लिहिलेला कागद मराठी माणसाला वाचता येईनासा झाला. मला याची फार खंत वाटते आणि ती लपवण्याचे कारण दिसत नाही.

त्याच सुमारास गावातील एका ग्रंथालयात दर रविवारी मोडीचा वर्ग सुरू झाला. साताऱ्याहून येणारे एक निवृत्त शिक्षक तो विनामूल्य घेत. पहिल्या दिवशी २३ जण होते, दिवाळीपर्यंत ७ उरले आणि त्यांत बाई होत्या. ही गळती समजण्यासारखी आहे. मोडीत लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेतो आणि मग अक्षरे तिच्याखाली टांगत जातो. बोरू शक्यतो उचलायचा नाही, म्हणून काना खालून वर जाऊन पुढच्या अक्षराला मिळतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. ‘र’सारखे अक्षर शेजार पाहून रूप बदलते. बाराखडी पंधरा दिवसांत येते, परंतु बाराखडी आली म्हणून कागद वाचता येत नाही, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक लोक सोडून देतात. त्यात पेशवाईतील कागदांवरचे गोलसर, लपेटीदार वळण वेगळे आणि इंग्रजी अमदानीत टाकाने लिहिलेले वळण वेगळे. शिवाय कालगणनेचा प्रश्न असतोच. जुन्या कागदावर ‘सन खमस सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असले, तर ते अरबी संख्याशब्द पाच, साठ, शंभर आणि हजार असे उलगडून १,१६५ हे सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कागदांतल्या कालगणनेचे वर्ष, काढायचे, त्यात ५९९ मिळवायचे आणि इ. स. १७६४च्या मृगापासून सुरू होणारे वर्ष ठरवायचे. बाईंना हे सगळे कंटाळवाणे वाटण्याऐवजी ओळखीचे वाटले. लघुलेखनातही स्वर गाळलेले असतात, खुणा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि संदर्भावरून शब्द लावावा लागतो. तेहतीस वर्षे त्यांनी तेच केले होते. वर्गातले आम्ही बाकीचे एकेक अक्षर सोडवत बसलेलो असताना त्यांचा डोळा पूर्ण ओळीवरून फिरे आणि त्या वाक्य सांगून मोकळ्या होत. शिक्षक त्यांना वारंवार सांगत की, आधी अक्षर लिहून काढा, अर्थ नंतर लावा. हे सांगणे किती महत्त्वाचे होते, ते पुढे दिसले.

२०२३च्या उन्हाळ्यापर्यंत बाईंनी घरातील पेटीतले बरेचसे कागद वाचले आणि त्या मोडी वाचतात ही बातमी आळीत पसरली. प्रथम शेजारच्या घरातून एक जुने पत्र आले, मग एका घरातून लग्नाच्या खर्चाची यादी, मग देवघरात पोथीबरोबर ठेवलेले आणि पोथी समजून पुजले जाणारे एक कर्जरोख्याचे पान. संध्याकाळी बाईंच्या ओसरीवर दोन-तीन माणसे बसलेली दिसू लागली. ‘काकू, एवढं बघून द्या’ हे वाक्य मी त्या महिन्यांत अनेकदा ऐकले. भजनी मंडळातल्या दोघीही कागद घेऊन आल्या. माझे निरीक्षण असे की, बाईंच्या बोलण्याचालण्यात फारसा फरक पडला नव्हता. फरक हा होता की आता लोक त्यांच्याकडे काम घेऊन येत होते आणि कामाच्या निमित्ताने आपली घरे, आपली माणसे त्यांच्यापुढे उघडी करत होते.

जुलैमध्ये वाईजवळच्या एका खेड्यातील चुलत घरांतली पाच-सहा माणसे सामाईक विहिरीच्या वाटणीचा कागद घेऊन आली. त्यांच्याकडे दोन पानांपैकी एकच होते. बाईंनी ते ओसरीवर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले आणि थोरल्या घराची पाण्याची पाळी ‘दिवस ३॥’, म्हणजे साडेतीन, असल्याचे सांगितले. थोरले घर पिढ्यान्‌पिढ्या पावणेचार दिवस पाणी घेत होते. धाकट्या घराने तिथल्या तिथे हिशेब मांडला : पाव दिवस म्हणजे सहा तास, तेही दर पाळीला, आणि आजोबांच्या काळापासून. शेतीपंपाला वीज ठराविक तासच मिळते अशा ठिकाणी सहा तासांचे पाणी म्हणजे उभ्या उसाचे किंवा हळदीचे जगणे असते. आवाज चढले. दोन्ही घरे एकमेकांशी न बोलता परत गेली आणि पुढच्या आठवड्यात विहिरीवर हातघाईवर आली.

चूक बाईंची होती. पूर्णांकापुढे एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, ही खूण त्यांना चांगली माहीत होती. परंतु कागदाची घडी नेमकी त्या आकड्यावरून गेली होती आणि तिसरा दंड घडीत झिजला होता. घडीशी त्या क्षणभर थांबल्या होत्या, हे मी स्वतः पाहिले. मग लघुलेखनाच्या सवयीने त्यांनी संदर्भावरून ‘साडेतीन’ लावले आणि पुढे गेल्या. ज्या कौशल्यामुळे त्या वर्गात सर्वांच्या पुढे होत्या, त्याच कौशल्याने त्यांना इथे फसवले. कार्यालयात लघुलेखक अंदाज करतो तेव्हा ज्यांचे शब्द आहेत तो साहेब मसुदा वाचून दुरुस्त करतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदाला दुरुस्त करणारे कोणी उरलेले नसते.

बाई चार दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी शिक्षकांना फोन केला, आणि रविवारी ते व बाई मिळून त्या खेड्यात गेले. मीही बरोबर होतो. शिक्षकांनी कागद खिडकीशी धरला, मोबाईलच्या दिव्याचा उजेड बाजूने तिरपा टाकला आणि भिंगाखाली घडीतला बोरूचा ओरखडा दाखवला. शाई उडाली होती, पण दाबाची खूण होती. ती पाहूनही धाकट्या घराचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते, कारण एका ओरखड्यावर कोणी सहा तासांचे पाणी का सोडावे? मग दुसरे पान शोधण्याची गोष्ट निघाली. ते धाकट्या घरातच, एका म्हाताऱ्या आत्याबाईंच्या ट्रंकेत मिळाले. त्यावर धाकट्या घराची पाळी ‘दिवस ४।’, म्हणजे सव्वाचार, अशी स्वच्छ लिहिलेली होती आणि शेवटी ‘एकूण दिवस ८’. सव्वाचार आणि पावणेचार मिळूनच आठ होतात. बाईंनी तेथे दोन्ही घरांसमोर, विशेषतः थोरल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर, आपण चुकीचे वाचले असे स्पष्ट शब्दांत सांगितले. मला तो या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत कठीण क्षण वाटतो. पाळी पूर्ववत झाली. दोन घरांतला अबोला सुटायला मात्र गणपती यावे लागले.

या प्रसंगानंतर बाईंनी मोडीवाचन सोडून दिले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी ते सोडले नाही, कामाची रीत बदलली. कागद कोणाचाही असो, तो त्या आता सर्वांसमक्ष वाचत नाहीत. तो ठेवून घेतात, ओळीला ओळ असे देवनागरीत उतरवतात, शंका असलेल्या अक्षराखाली लाल रेघ मारतात, फाटलेल्या जागी तितकीच जागा कोरी सोडतात, आणि आकडे व बेरजा शेवटी वेगळ्या तपासतात. अर्धा कागद आला तर उरलेला अर्धा येईपर्यंत त्या अर्थ सांगत नाहीत. जमीन, पाणी, वारसा यांच्या चालू वादातले कागद तर त्या घेतच नाहीत. शासनाच्या पुराभिलेख विभागाकडून मोडीचे शिक्षण व परीक्षा होतात. तशा अधिकृत वाचकाकडे जा, असे त्या सांगतात. छंद म्हणून शिकलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याचा हक्क आला की कुठे थांबायचे, हे बाईंना महागात शिकावे लागले. हे शिक्षण वर्गातच, पहिल्या महिन्यात दिले गेले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या वर्गात ते दिले गेले नव्हते, आणि त्याची जबाबदारी एकट्या बाईंची नाही.

त्या वर्षी शेवटच्या तीन महिन्यांत ही रीत कसाला लागली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जुनी दप्तरे जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली गेली आणि मोडी जाणणाऱ्या माणसांची अचानक वाण पडली. गाव नमुना १४च्या, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या, मोबाईलवर काढलेल्या अंधुक छायाचित्रांसह माणसे बाईंकडे येऊ लागली. काही जण दूरच्या गावांहून, मुलाच्या शिक्षणाची चिंता तोंडावर घेऊन. बाईंनी मूळ नोंद कुठे आणि कशी मागायची ते प्रत्येकाला समजावले, अर्ज लिहून दिले, पण छायाचित्रावरून ‘तुमचे नाव आहे’ किंवा ‘नाही’ असे एकालाही सांगितले नाही. यामुळे काही जण रागावून गेले. जुलैआधीच्या बाईंनी त्यांना उत्तर दिले असते आणि ते आनंदाने किंवा निराशेने, पण कदाचित चुकीच्या माहितीवर, घरी गेले असते.

या सगळ्याच्या जोडीने आणखी एक काम चालू होते आणि आमच्या आळीच्या दृष्टीने तेच मोठे ठरले. वाईत माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव सातही घाटांवर पाळीपाळीने होतो. परंपरेने त्याचे मूळ १६५९ मधील अफजलखानाच्या स्वारीच्या काळात सांगितले जाते. एका घाटाच्या उत्सवाच्या जुन्या हिशेबवह्या एका घरातल्या कपाटात होत्या. कार्यकर्त्यांनी त्यांतल्या सहा बाईंकडे दिल्या. उत्सवात पूर्वजांची नावे वाचून दाखवावीत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. बाईंनी या कामासाठी वर्गातले आम्ही चौघे बरोबर घेतले आणि दर बुधवारी दुपारी आम्ही ओसरीवर बसू लागलो.

वह्या शके १८१५ ते १८२४ या दरम्यानच्या, म्हणजे १८९३ नंतरच्या दहा वर्षांतल्या निघाल्या. पानाच्या एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. जमेच्या बाजूला आळीतली घरे आणि त्यांनी दिलेले रुपये, आणे, तांदूळ, गूळ, तूप. खर्चाच्या बाजूला तेल, नारळ, द्रोण-पत्रावळी, आणि मग माणसे : वाजंत्री, मशालजी, घागरी देणारा कुंभार, टोपल्या देणारा बुरूड, पत्रावळी लावणारा गुरव, परीट, लाकूड फोडून देणारे. त्यांच्या नावांपुढे दोन शेर तांदूळ, एक नारळ, चार आणे असे आकडे. दख्खनेत १८९६-९७चा दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग आला त्या काळातला, शके १८१९चा हिशेब जेमतेम एका पानाचा आहे. जमेच्या बाजूला तेव्हा फक्त ९ घरे आहेत, पण खर्चाच्या बाजूला वाजंत्री आणि मशालजी यांची नावे आधीच्याच वर्षाप्रमाणे आहेत. त्या पानावर आम्ही तीन बुधवार घालवले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्सवाची तयारी सुरू झाली तेव्हा कार्यकर्त्यांनी जमेची यादी मागितली. बाईंनी दोन्ही याद्या दिल्या आणि वाचायच्या तर दोन्ही वाचा असे सांगितले. बैठकीत यावर बराच वेळ बोलणे झाले. वेळ कमी आहे, कार्यक्रम लांबेल, खर्चाची यादी वाचण्याची पद्धत नाही, असे मुद्दे आले. दोघा ज्येष्ठांना हे मनापासून आवडले नाही आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. बाईंचे म्हणणे साधे होते. वही लिहिणाऱ्याने दोन्ही बाजूंची नावे सारख्याच अक्षराने लिहिली आहेत; त्यांतल्या एकाच बाजूची वाचली तर ते वाचन अपुरे होईल, आणि अपुऱ्या वाचनाने काय होते ते त्यांनी एकदा पाहिले आहे. खर्चाच्या बाजूच्या माणसांपैकी काहींना त्या काळी पंगतीत बसण्याचीही मुभा नव्हती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. ते कोणी बोलले नाही, मीही बोललो नाही, आणि मी बोलायला हवे होते. शेवटी असे ठरले की वाचन कुठलेच करू नये. दोन्ही याद्या देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून घाटावर शेजारी शेजारी लावाव्यात.

त्या लावल्या गेल्या. पहिल्या दिवशी आळीतली माणसे आपापल्या पणजोबांवर बोट ठेवून फोटो काढत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या भागातून एक बुरूड कुटुंब आले. कोणीतरी त्यांना निरोप दिला होता. त्यातल्या वृद्ध गृहस्थांनी यादी दोनदा वाचली आणि बाईंना विचारले, ‘बाई, ह्यो आमचाच का, कशावरनं?’ बाईंनी त्यांना ‘हो’ म्हटले नाही. नावापुढे ‘बिन’ लावून बापाचे नाव दिले आहे, तुमच्या घरात ते नाव कोणाचे होते का, एवढेच विचारले. त्यांनी थोडा विचार करून मागच्या दोन पिढ्या सांगितल्या आणि तिसऱ्या पिढीचे नाव जुळले. ते मग बराच वेळ तिथेच पायरीवर बसून होते. त्या आठवड्यात अशी चार घरे आली. एका सनईवादकाने घरी जपलेली जुनी पावती आणून दाखवली. त्या वर्षी पंगतीचे बोलावणे या चारही घरांना गेले आणि तिघांकडची माणसे जेवायला आली. उत्सवसमितीत अजून काही बदल झालेला नाही, आणि ज्यांना यादी आवडली नव्हती त्यांपैकी एक ज्येष्ठ बाईंच्या ओसरीवर आजही येत नाहीत.

जून २०२४ पासून रविवारचा वर्ग बाई स्वतः घेतात, कारण शिक्षकांना वयामुळे साताऱ्याहून येणे जमत नाही. वर्गात ११ जण आहेत, त्यांत विहिरीच्या प्रकरणातल्या धाकट्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी आहे. पहिल्या दिवशी बाई बाराखडीच्या आधी तो घडी पडलेल्या आकड्याचा फोटो दाखवतात आणि प्रत्येकाला काय दिसते ते कागदावर लिहायला लावतात. हार्मोनियम त्यांनी आळीतल्या एका मुलाला वापरायला दिली आहे. सहा वह्यांपैकी पाच पूर्ण उतरवून झाल्या. सहावी कधीतरी भिजली होती आणि तिची मधली पाने एकमेकांना चिकटली आहेत. घाटाच्या कार्यकर्त्यांपैकी एकाने वाफेवर धरून पाने सोडवण्याची तयारी दाखवली होती. बाईंनी त्यांना थांबवले, वही स्वच्छ सुती कापडात बांधली आणि कागदसंवर्धन जाणणारा माणूस मिळेपर्यंत ती कपाटातच ठेवली आहे.